सलग वाढत्या लाभांशाचे शेअर: वर्षं मोजायची की वाढ?

ओंजळ

सलग २५ किंवा ५० वर्षं लाभांश वाढवत आलेल्या अमेरिकी कंपन्यांच्या याद्या सतत फिरत असतात. निवृत्ती जवळ आलेली माणसं त्या बघून शेअर घेतात, कारण एवढी वर्षं वाढला म्हणजे पुढेही वाढेल असं वाटतं. मला ही गुंतवणुकीची पद्धत मनापासून पटलेली आहे. म्हणूनच तिच्यातली एक गोष्ट कुणी नीट मांडत नाही याची काळजी वाटते आणि त्यासाठी हा धागा काढते आहे. यादीत ठळक छापलेला वर्षांचा आकडा कंपनीच्या आजच्या तब्येतीबद्दल फार थोडं सांगतो. दर वर्षी वाढ किती झाली हे बघितलं तर पुष्कळ काही आधीच कळतं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात पार्श्वभूमी. एस अँड पी ५०० (अमेरिकेतल्या सुमारे पाचशे मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) मधल्या ज्या कंपन्यांनी सलग किमान २५ वर्षं लाभांश वाढवला आहे त्यांना 'डिव्हिडंड अ‍ॅरिस्टोक्रॅट' म्हणतात. याच नावाचा निर्देशांक २००५ पासून आहे. त्यात प्रत्येक कंपनीला सारखंच वजन असतं आणि कुठल्याही एका क्षेत्राला ३० टक्क्यांपेक्षा जास्त जागा मिळत नाही. सलग ५० वर्षं किंवा जास्त वाढवणाऱ्यांना लोक 'डिव्हिडंड किंग' म्हणतात, पण ते बोलीतलं नाव आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बल १८९० पासून लाभांश देते आहे आणि २०२५ मध्ये तिने सलग ६९ व्या वर्षी तो वाढवला. कोका-कोला आणि जॉन्सन अँड जॉन्सन २०२५ मध्ये ६३ वर्षांवर पोचल्या.

सलग वाढीची अशी साखळी तयार कशी होते, हे जॉन लिंटनर या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्येच दाखवून दिलं होतं. त्याने २८ कंपन्यांच्या व्यवस्थापनांशी बोलून पाहिलं. निष्कर्ष असा की व्यवस्थापन नफ्याबरोबर लाभांश वरखाली करत नाही. नफा टिकेल अशी खात्री झाल्याशिवाय वाढवत नाही आणि एकदा वाढवला की कमी करायची वेळ येऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करतं. माझा मुद्दा इथूनच निघतो. साखळी तोडायची लाज जितकी मोठी, तितका ती नावापुरती चालू ठेवायचा मोह मोठा. आणि नावापुरती चालू ठेवायला तिमाहीला एक सेंट पुरतो.

उदाहरणं बघा.

एटी अँड टी, टेलिफोन कंपनी. तिमाही लाभांश ४९ सेंट, पुढच्या वर्षी ५०, मग ५१, मग २०२० मध्ये ५२. दर वर्षी एक सेंट. दरम्यान २०१८ मध्ये टाइम वॉर्नर विकत घेऊन कर्जाचा डोंगर झाला होता. २०२१ मध्ये वाढ थांबली आणि २०२२ मध्ये वॉर्नरमीडिया वेगळी काढताना वार्षिक लाभांश २.०८ डॉलरवरून १.११ वर आला.

थ्रीएम. २०२१ मध्ये १.४८ डॉलर, मग १.४९, मग १.५०, २०२४ च्या फेब्रुवारीत १.५१. पुन्हा दर वर्षी एक सेंट. साठहून जास्त वर्षांची साखळी. २०२३ मध्ये पाण्यातल्या रसायनांच्या दाव्यात किमान १०.३ अब्ज डॉलर आणि सैनिकांच्या इअरप्लगच्या दाव्यात ६ अब्ज डॉलर द्यायचं ठरलं. २०२४ मध्ये आरोग्य विभाग सोल्व्हेंटम या नावाने वेगळा झाला आणि तिमाही लाभांश ७० सेंटवर आला.

व्हीएफ कॉर्पोरेशन, कपडे आणि बुटांची कंपनी. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५० चे ५१ सेंट. चारच महिन्यांनी ५१ चे ३०. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ९. सुमारे ५० वर्षांची साखळी वर्षभरात संपली.

वॉलग्रीन्स, औषधांच्या दुकानांची कंपनी. २०२२ च्या उन्हाळ्यात ४७.७५ सेंटचे ४८. म्हणजे अर्धा टक्का! जानेवारी २०२४ मध्ये ४८ चे २५ आणि २०२५ च्या सुरुवातीला लाभांश पूर्ण बंद.

एटी अँड टीचं शेवटचं वर्ष सोडलं तर या चारही ठिकाणी वर्षांचा आकडा शेवटच्या दिवसापर्यंत वाढत होता. आटत होती ती वाढ, आणि ती कुणालाही फुकटात बघता येत होती. तुमचे अनुभव आणि हरकती दोन्ही वाचायला आवडेल.

कुतूहल

धागा आवडला, पण एक मूलभूत शंका. वॉलग्रीन्सने २०२३ मध्ये ४८ सेंटच ठेवले होते, असं तुमच्याच आकड्यांवरून दिसतं. मग सलग वाढीची साखळी २०२३ मध्येच तुटायला हवी होती ना? 'शेवटच्या दिवसापर्यंत आकडा वाढत होता' हे कसं?

ओंजळ

@कुतूहल, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. बहुतेक याद्या कॅलेंडर वर्षात हातात आलेली एकूण रक्कम मोजतात. वॉलग्रीन्सने २०२२ मध्ये दोनदा ४७.७५ आणि दोनदा ४८ सेंट दिले, एकूण १.९१५ डॉलर. २०२३ मध्ये चारही वेळा ४८, एकूण १.९२. अर्धा सेंट जास्त, म्हणून यादीच्या हिशेबाने 'वाढ' झाली. प्रत्यक्षात पूर्ण वर्षभर व्यवस्थापनाने काहीही वाढवलं नव्हतं.

म्हणूनच वार्षिक बेरीज बघू नका. तिमाहीचे आकडे एकाखाली एक लिहून काढा. प्रत्येक कंपनीच्या गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर लाभांशाचा पूर्ण इतिहास असतो, दहा मिनिटांचं काम आहे.

दीर्घपल्ला

ओंजळ, मांडणी छान आहे, पण मला दोन अपवाद दिसतात आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत.

पहिला एक्झॉन मोबिल. २०१९ मध्ये पहिल्या तिमाहीला ८२ सेंट, मग ८७. २०२० मध्ये चारही वेळा ८७. २०२१ मध्ये तीनदा ८७ आणि शेवटी ८८. म्हणजे तुम्ही सांगितलेलीच कॅलेंडरची करामत, वर एक सेंटची वाढ. २०२० मध्ये कंपनीला २२.४ अब्ज डॉलरचा तोटा होता आणि लाभांशावर जवळपास १५ अब्ज जात होते, तेही कर्ज काढून. तुमच्या कसोटीवर ही कंपनी सपशेल नापास झाली असती. पुढे काय झालं? तेलाचे भाव वर गेले, कर्ज फिटलं, २०२२ च्या शेवटी ९१ सेंट, मग ९५, मग ९९, आणि २०२५ मध्ये १.०३ डॉलर. घाबरून विकणाऱ्याचं मोठं नुकसान झालं.

दुसरा अपवाद उलट्या बाजूचा, लेगेट अँड प्लॅट ही गाद्या-फर्निचरचे भाग बनवणारी कंपनी. २०२३ मध्ये ४४ चे ४६ सेंट, साडेचार टक्के वाढ. कुणालाही निरोगी वाटेल अशी. २०२४ मध्ये ४६ चे थेट ५! पन्नासहून जास्त वर्षांची साखळी, आणि आधी एक सेंटचा इशारा वगैरे काही नाही.

तेव्हा एकाच आकड्यावर विसंबणं धोक्याचंच, मग तो वर्षांचा असो की वाढीचा.

ओंजळ

@दीर्घपल्ला, दोन्ही उदाहरणं मान्य. लेगेटचं तर फारच बोलकं आहे. मला तिथे वाढीबरोबर दुसरा आकडा ठेवावासा वाटतो, पेआउट रेशो, म्हणजे कमाईतला किती भाग लाभांशात जातो. २०२३ मध्ये लेगेटची समायोजित कमाई प्रतिशेअर सुमारे १.३९ डॉलर होती आणि त्या वर्षी लाभांश दिला १.८२. कमावलं त्यापेक्षा जास्त वाटलं. घटत्या कमाईवर साडेचार टक्के वाढ देणं हे सामर्थ्याचं लक्षण नव्हतं. साखळीचा मान राखण्यासाठी केलेला तो खर्च होता.

एक्झॉनबद्दल मात्र थोडा मतभेद. तेलाचा भाव चक्राने फिरतो हे २०२० मध्येही सगळ्यांना ठाऊक होतं आणि कंपनीचा ताळेबंद कर्ज सोसण्याइतका भक्कम होता. एटी अँड टी किंवा वॉलग्रीन्सचं दुखणं चक्राचं नव्हतं, धंद्याचा पायाच झिजत चालला होता. एक सेंटची वाढ दिसली की पुढचा प्रश्न तोच विचारायचा: अडचण फिरून जाणारी आहे की मुक्कामाला आलेली? उत्तर दर वेळी सोपं नसतं. पण वर्षांचा आकडा बघून शांत झोपणारा हा प्रश्नच विचारत नाही, आणि मला त्याची चिंता आहे.

गणिती

मी थोडा मुळावरच घाव घालतो, राग नसावा.

१९६१ मध्ये मिलर आणि मोदिग्लियानी यांनी दाखवलं की कर, व्यवहारखर्च वगैरे बाजूला ठेवले तर कंपनी लाभांश देते की नाही याने तिच्या मूल्यात फरक पडत नाही. शंभर डॉलरच्या शेअरने एक डॉलर लाभांश दिला की एक्स-डिव्हिडंड तारखेला (त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) तो शेअर साधारण एक डॉलरने खाली उघडतो. तुमच्या एका खिशातला डॉलर दुसऱ्या खिशात गेला, आणि मध्ये कर कापला गेला. ज्याला रोकड हवी तो थोडे शेअर विकू शकतो. मग लाभांशाचा एवढा जप कशाला?

शिवाय वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेकडे बघा. १९६७ मध्ये एकदा १० सेंट लाभांश दिला, त्यानंतर एकदाही नाही. तिच्या भागधारकांचं काही बिघडलं का?

आणि जी मंडळी फक्त २५ वर्षांच्या यादीतूनच निवडतात, त्यांच्या हाती कोण लागत नाही तेही बघा. मायक्रोसॉफ्टने पहिला लाभांश २००३ मध्ये दिला, अ‍ॅपलने २०१२ मध्ये पुन्हा सुरू केला, अल्फाबेट आणि मेटा यांनी २०२४ मध्ये. गेल्या दशकात बाजार ज्यांनी वर ओढला त्या कंपन्या या चाळणीतून आपोआपच गळतात. या निर्देशांकावर चालणारा ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) त्या काळात एस अँड पी ५०० च्या मागे का राहिला, याचं मोठं कारण हेच.

दीर्घपल्ला

@गणिती, गणित बरोबर आहे, पण 'बाजूला ठेवले तर' या अटीत फार मोठी गोष्ट बाजूला ठेवली जाते: माणूस. बाजार ३७ टक्क्यांनी पडलेला असताना, २००८ मध्ये पडला होता तसा, दर महिन्याला थोडे शेअर विकून खर्च भागवणं कागदावर सोपं असतं. त्या दिवसांत किती जणांचा हात विकायला धजतो आणि किती जण घाबरून सगळंच विकून टाकतात? लाभांश खात्यात येत राहिला तर भाव बघायची गरजच पडत नाही. त्याच २००८ मध्ये अ‍ॅरिस्टोक्रॅट निर्देशांक साधारण २२ टक्क्यांनी पडला. तोटा तोही, पण पंधरा टक्के कमी.

अ‍ॅपल आणि मेटाबद्दलची हरकत मात्र खरी आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. जो हा रस्ता निवडतो त्याने ही किंमत मोजतो आहोत हे समजून निवडावा.

शांतनिवृत्त

दीर्घपल्ला यांना अनुमोदन. मी निवृत्त आहे आणि माझा खर्च लाभांशातून चालतो. विकण्याचा निर्णय दर महिन्याला घ्यायचा नसणं ही फार मोठी सोय आहे. उतारवयात निर्णय जितके कमी तितकं बरं.

पण माझा प्रश्न वेगळा. माझ्यासारख्याने २.५ टक्के यील्ड (भावाच्या तुलनेत वर्षाचा लाभांश) आणि ८ टक्के वार्षिक वाढ असलेला शेअर घ्यावा की ६ टक्के यील्ड देणारा, पण न वाढणारा? सगळे लेख पहिल्याच्या बाजूने बोलतात. मला खात्री वाटत नाही.

गणिती

@शांतनिवृत्त, काका, याचा हिशेब करता येतो. शंभर डॉलर गुंतवले असं धरू. पहिला शेअर पहिल्या वर्षी २.५० देईल, दुसरा ६. पहिल्याचा वार्षिक लाभांश दुसऱ्याच्या पुढे जाईल तेराव्या वर्षी. पण हातात आलेली एकूण रक्कम बरोबरीला येईल एकविसाव्या वर्षी (दोन्हीकडे सुमारे १२६ डॉलर). तोपर्यंत आलेला लाभांश पुन्हा गुंतवला नाही, खर्च केला, असं यात धरलं आहे. महागाई दोन्हीला सारखीच खाते, पण ती धरली तर आधी हातात आलेल्या पैशाचं वजन आणखी वाढतं. निव्वळ लाभांशाच्या बेरजेवर, तुमच्या वयात, जास्त यील्ड जिंकतं.

मात्र यात दोन गोष्टी सुटल्या आहेत. एक, आठ टक्क्यांनी लाभांश वाढणाऱ्या कंपनीच्या शेअरचा भावही बहुधा वाढलेला असतो, न वाढणाऱ्याचा बहुधा नाही. दोन, ६ टक्के टिकतील हे आपण गृहीत धरलं. बाजार एखाद्या शेअरला असं यील्ड देतो तेव्हा बहुतेकदा त्याला कपातीचा वास आलेला असतो. कपातीच्या आधी एटी अँड टी आणि वॉलग्रीन्स दोन्हींचं यील्ड सात टक्क्यांच्या आसपास होतं.

शांतनिवृत्त

हिशेबाबद्दल आभार. एकवीस वर्षं हा आकडा मला आजवर कुणी सांगितला नव्हता. मग माझ्यासाठी मधलं काहीतरी, साडेतीन टक्क्यांच्या आसपास यील्ड आणि पाच-सहा टक्के वाढ, हे जास्त योग्य वाटतं.

रातराणी

वाचतेय. फार उपयोगी चर्चा. मला 'यील्ड ऑन कॉस्ट' बद्दल विचारायचं होतं. बफे यांच्या कोका-कोलाचं उदाहरण सगळीकडे देतात, की मूळ गुंतवणुकीवर वर्षाला ५० टक्क्यांहून जास्त लाभांश मिळतो. हे खरं आहे का, आणि आपल्यासारख्यांना त्यातून काय घेता येईल?

ओंजळ

@रातराणी, आकडे खरे आहेत. बर्कशायरने १९८८ ते १९९४ मध्ये कोका-कोलाचे शेअर घेतले. पुढच्या स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणं) धरून ते आज ४० कोटी भरतात, आणि एकूण खर्च सुमारे १.३ अब्ज डॉलर होता. १९९४ मध्ये लाभांश आला ७.५ कोटी डॉलर, २०२२ मध्ये ७०.४ कोटी. २०२५ चा दर प्रतिशेअर २.०४ डॉलर, म्हणजे ८१ कोटींच्या वर. मूळ खर्चाच्या ६० टक्क्यांहून जास्त, दर वर्षी. वाढत्या लाभांशाची ताकद यापेक्षा स्पष्ट दिसत नाही आणि मला ते आकडे दर वेळी तितकेच भारावून टाकतात.

पण निर्णय घेताना हा आकडा वापरायचा नाही. २०२२ च्या शेवटी त्या शेअरचं बाजारमूल्य होतं सुमारे २५ अब्ज डॉलर. त्यावर ७०.४ कोटी म्हणजे २.८ टक्के. तेव्हा तो शेअर ठेवायचा की विकून दुसरं काही घ्यायचं हे ठरवताना २.८ हाच आकडा खरा. आपण काय भावाने घेतला होता हे बाजाराला ठाऊक नसतं. 'माझं यील्ड ऑन कॉस्ट वीस टक्के आहे, मी कशाला विकू' असं म्हणत झिजलेल्या कंपनीला धरून बसणारे बरेच असतात.

त्याच कोका-कोलाची दुसरी बाजू कुणी सांगत नाही, ती सांगते. १९९८ च्या उन्हाळ्यात हा शेअर आजच्या हिशेबाने (२०१२ चा स्प्लिट धरून) ४४ डॉलरच्या आसपास होता. कमाईच्या पन्नास-साठ पट भाव आणि यील्ड एक टक्क्यापेक्षा कमी. तो भाव पुन्हा दिसायला २०१४ उजाडलं. मधल्या सोळा वर्षांत कंपनीने एकदाही लाभांश वाढवायचा चुकवला नाही. वर्षाला ३० सेंटचे १.२२ डॉलर झाले, चौपट! साखळी निर्दोष, वाढही भरघोस, आणि तरीही १९९८ मध्ये घेणाऱ्याच्या हातात सोळा वर्षांत आले प्रतिशेअर सुमारे ११ डॉलर लाभांश, भाववाढ शून्य. उत्तम कंपनी चुकीच्या भावाला घेतली तर साखळी वाचवायला येत नाही. खरेदीच्या दिवशीचं यील्ड त्या शेअरच्या स्वतःच्या गेल्या दहा-पंधरा वर्षांच्या यील्डशी ताडून बघा. फारच खाली असेल तर थांबा.

कुतूहल

हे १९९८ चं उदाहरण जपून ठेवण्यासारखं आहे. पेआउट रेशोबद्दल अजून एक. काही कंपन्यांचा रेशो शंभर टक्क्यांच्या कितीतरी वर दिसतो आणि तरी त्या वर्षानुवर्षं लाभांश वाढवतात. रिअ‍ॅल्टी इन्कम दर महिन्याला लाभांश देते, अ‍ॅरिस्टोक्रॅटमध्येही आहे, पण कमाईपेक्षा लाभांश जास्त. हे कसं?

गणिती

@कुतूहल, ती रिअल इस्टेट ट्रस्ट आहे, रीट. इमारतींवर दर वर्षी घसारा लावावा लागतो. तो कागदावरचा खर्च नफा कमी दाखवतो, पण पैसे कुठे जात नाहीत. म्हणून रीटसाठी घसारा पुन्हा नफ्यात मिळवून काढलेला एफएफओ हा आकडा बघतात. अमेरिकेत रीटला करपात्र उत्पन्नाच्या किमान ९० टक्के वाटावेच लागतात, त्यामुळे त्यांचा रेशो नेहमी चढाच असणार.

साध्या कंपन्यांसाठीसुद्धा मी नफ्यापेक्षा फ्री कॅश फ्लो बघतो. धंद्यातून आलेल्या रोकडीतून यंत्रं, इमारती वगैरेंचा खर्च वजा करायचा, आणि उरतं त्यातून लाभांश भागतो का ते बघायचं. एका वर्षाचा आकडा घेऊ नका, तीन-चार वर्षांची सरासरी घ्या. लेगेटची रोकड २०२३ मध्ये चांगली दिसत होती कारण खेळत्या भांडवलातून पैसे मोकळे झाले होते. ते दर वर्षी होत नाही.

सागरतळ

सगळी चर्चा अमेरिकेवरच चालली आहे म्हणून थोडी भर. ब्रिटनमधल्या इन्व्हेस्टमेंट ट्रस्टचा प्रकार या संदर्भात बघण्यासारखा आहे. हे फंडच असतात, पण कंपनीच्या स्वरूपात शेअर बाजारात नोंदलेले. कायद्याने त्यांना वर्षाच्या उत्पन्नापैकी १५ टक्क्यांपर्यंत रक्कम मागे ठेवता येते. चांगल्या वर्षांत साठवायचं आणि वाईट वर्षांत त्यातून लाभांश वाढवत राहायचा. सिटी ऑफ लंडन इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट १९६६ पासून दर वर्षी लाभांश वाढवते आहे. २०२० मध्ये, जेव्हा शेलने दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदा लाभांश कापला (४७ सेंटचे थेट १६), तेव्हाही यातल्या अनेक ट्रस्टनी राखीव निधी वापरून साखळी टिकवली.

कॅनडात फॉर्टिस ही वीज आणि गॅसची कंपनी पन्नास वर्षांच्या पुढे गेली आहे. जपानमध्ये काओ या साबण-प्रसाधनांच्या कंपनीने १९९० च्या आसपास सुरू केलेली साखळी अजून चालू आहे.

दीर्घपल्ला

@सागरतळ, छान माहिती. ट्रस्टच्या बाबतीत मग ओंजळ यांची कसोटी थोडी बदलावी लागेल. तिथे वाढीपेक्षा राखीव निधीत किती महिन्यांचा लाभांश शिल्लक आहे हे आधी बघायला हवं. वार्षिक अहवालात तो आकडा असतो.

रातराणी

एवढं सगळं तपासायला वेळ नसलेल्यांनी सरळ ईटीएफ घ्यावा का? एकेक कंपनीच्या तिमाही नोंदी काढत बसण्यापेक्षा ते सोपं वाटतं.

शांतनिवृत्त

माझं मत हो. अ‍ॅरिस्टोक्रॅटचा ईटीएफ २०१३ पासून आहे, वार्षिक खर्च ०.३५ टक्के. व्हॅनगार्ड या फंड कंपनीचा वाढत्या लाभांशाचा ईटीएफ २००६ पासून आहे, त्याला दहाच वर्षांची वाढ पुरते आणि खर्च त्याच्या कितीतरी पट कमी. एखाद्या कंपनीने लाभांश कापला तरी अनेक कंपन्यांपैकी एकच जाते, तुमचं घर हलत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. ईटीएफ कंपनीला काढून टाकतो तेव्हा कपात होऊन गेलेली असते, भाव आधीच पडलेला असतो.

आणि ईटीएफचा स्वतःचा तिमाही लाभांश सरळ रेषेत वाढत नाही, वरखाली होतो. खर्च त्यावर चालवायचा असेल तर वर्षाचा हिशेब धरा.

ओंजळ

@रातराणी, काकांशी सहमत. वेळ नसेल तर ईटीएफच. वेळ असेल, आवड असेल, तर वीस-पंचवीस कंपन्या वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या, आणि कुठलीही एक इतकी मोठी नको की तिच्या कपातीने महिन्याचा खर्च अडेल. २००९ विसरू नका. जीईने ३१ सेंटचे १० केले, १९३८ नंतरची तिची पहिली कपात. फायझरने वायथ विकत घेण्यासाठी ३२ चे १६ केले. बँकांची तर रांग लागली होती. एकाच क्षेत्राच्या शेअरवर जगणाऱ्यांचं उत्पन्न त्या वर्षी अर्ध्याहून खाली गेलं असणार.

रातराणी

तुमचं ऐकून तिमाहीचे आकडे लिहून काढायला घेतले. टार्गेट या किरकोळ विक्रीच्या कंपनीवर अडकले. २०२१ मध्ये ६८ चे ९० सेंट, २०२२ मध्ये ९० चे १.०८ डॉलर. मग १.१०, १.१२, आणि २०२५ मध्ये १.१४. तीन वर्षं दोन-दोन सेंट. साखळी पन्नास वर्षांच्या पुढे. हे एटी अँड टीसारखं आहे का? विकावं का?

ओंजळ

विका असं मी सांगणार नाही, आणि एवढ्यावरून तुम्हीही ठरवू नका. आकडे अचूक काढलेत. आता त्यांच्या शेजारी बाकीचे आकडे ठेवून बघा. २०२४ च्या आर्थिक वर्षात टार्गेटची कमाई प्रतिशेअर ८.८६ डॉलर होती आणि लाभांश साधारण साडेचार डॉलर. पेआउट रेशो पन्नास टक्क्यांच्या आसपास. लेगेट शंभराच्या पुढे होती, हा फरक मोठा आहे. शिवाय आधीच्या दोन वर्षांत ३२ आणि २० टक्के वाढ दिली होती. एवढ्या मोठ्या उडीनंतर कमाईला पोचायला वेळ द्यावा म्हणून हात आखडता घेतला, असाही अर्थ निघतो.

आता बघायचं ते विक्रीकडे. जुन्या दुकानांतली विक्री वर्षामागून वर्ष घटते आहे का, मार्जिन परत येतं आहे का, कर्ज वाढतं आहे का. विक्री सावरली आणि पुढची वाढ चार-पाच टक्क्यांवर गेली तर ती एक्झॉनच्या वाटेने गेली असं समजू. विक्री घटत राहिली, रेशो सत्तरच्या पुढे गेला आणि तरी दोन सेंटची वाढ चालूच राहिली, तर मी पुढच्या घोषणेची वाट बघणार नाही.

गणिती

एवढंच जोडतो: अशा वेळी बायबॅककडेही, म्हणजे कंपनी स्वतःचेच शेअर परत विकत घेते त्याकडेही बघा. पैशाची खरीच ओढाताण असेल तर कंपनी आधी बायबॅक थांबवते, कारण त्याची साखळी कुणी मोजत नाही. रोकड प्रवाहाच्या पत्रकात 'शेअर पुनर्खरेदी' ही ओळ चार-पाच तिमाही रिकामी दिसली आणि लाभांश मात्र सेंटा-सेंटाने वाढतो आहे, तर आतली परिस्थिती घोषणेपेक्षा वाईट असण्याची शक्यता धरून चाला.

रातराणी

कळलं. विक्री, मार्जिन, कर्ज आणि बायबॅक या चार ओळी प्रत्येक कंपनीच्या लाभांशाशेजारी लिहिते. बाकीच्या कंपन्यांचं झालं की इथेच टाकते, तपासून द्याल का?

ओंजळ

नक्की. तिमाहीच्या तारखांसकट टाका, वार्षिक बेरीज नको.